जुन्या मोटारीतील शॉर्टचा तपास

धरमतरच्या खाडीवरून पेणच्या मिठागरांवर वाहणारा खारा वारा आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत रायगड जिल्ह्यावर कोसळणारा तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, या दोहोंच्या सान्निध्यात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या मोटारीचा पत्रा कोठे कोठे कुजला आहे हे तिच्या मालकाला डोळ्यांनी दिसते. परंतु त्याच पत्र्याच्या आड, डॅशबोर्डाच्या मागून, पायाखालच्या रबरी चटईखालून आणि दरवाजांच्या पोकळीतून जाणाऱ्या तांब्याच्या तारांची काय अवस्था झाली आहे, याची वार्ता त्याला बहुधा एखाद्या पावसाळी रात्री नागोठणे सोडून भिसे खिंड चढताना दिवे एकाएकी मालवल्यावरच लागते. मग कशीबशी गाडी रोह्याच्या बाजारपेठेपर्यंत येते, सकाळी वायरमन डॅशबोर्डाखाली डोके घालून दोन-चार तारा ओढून पाहतो, आणि 'शॉर्ट झालंय' असा निवाडा देतो. हा निवाडा खोटा असतो असे नाही, पण त्याने तपासाचा केवळ आरंभ होतो. कारण शॉर्ट कोणत्या शाखेत, त्या शाखेच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या कारणाने झाला, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून केलेली दुरुस्ती म्हणजे दोषाला दिलेली मुदतवाढ होय.

ही मुदतवाढ देण्याची रूढ रीत सर्वांच्या परिचयाची आहे. जुनी तार आहे तेथेच सोडून देऊन वरून एक नवी तार टाकायची, ती खिळ्या-स्क्रूंच्या आधाराने पत्र्याच्या कडेवरून मागे न्यायची, जोडावर काळी टेप गुंडाळायची, आणि दिवा लागला की हिशेब चुकता करायचा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती टेप उन्हाने वितळून चिकट राप होते, नवी तारही त्याच कडेवर घासून उघडी पडते, आणि आता एकाच्या जागी दोन दोष तारांच्या एका जुडग्यात नांदू लागतात. माझे असे स्पष्ट मत आहे की आपल्याकडील जुन्या गाड्यांचे वायरिंग कालमानाने जितके बिघडले त्याहून अधिक ते उतावीळ दुरुस्तीने बिघडले. आणि ज्याला शास्त्रशुद्ध तपास म्हणतात तो इतका स्वस्त, इतका सोपा आणि इतका निश्चित आहे की त्याची माहिती प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला असावी. त्यासाठी इंडिकेटरचा एक 21 वॅटचा दिवा, दोन हात तार आणि एक मोकळी दुपार एवढे पुरे होते.

ज्या गाड्या येथे मनात आहेत त्या म्हणजे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 च्या आराखड्यावर बांधलेली आणि पुढे 'पद्मिनी' या नावाने दोन पिढ्यांच्या परिचयाची झालेली मोटार, उत्तरपाऱ्याची ॲम्बॅसडर, महिंद्रांची जीप, आणि डिसेंबर 1983 पासून रस्त्यावर आलेली मारुती 800. मुंबईत पद्मिनीची टॅक्सी म्हणून मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली; खाजगी मालकीच्या पद्मिनी मात्र अजून कोकणातल्या पडव्यांतून जपलेल्या आढळतात. या गाड्यांचा मोठा गुण असा की त्यांच्या विजेच्या कारभारात बहुतांशी संगणकाचा हस्तक्षेप नाही. बॅटरी, स्विच, फ्यूज, दिवा आणि पत्रा एवढ्यांतच सारा व्यवहार होतो, आणि तो सारा मनुष्याच्या बुद्धीने मनातल्या मनात उलगडून पाहता येतो.

घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात. मोटारीतल्या दिव्याला बहुधा एकच तार दिसते. याचे कारण असे की प्रवाहाला बॅटरीकडे परत नेणारी दुसरी तार म्हणजे गाडीचा संपूर्ण लोखंडी सांगाडाच होय. बॅटरीचे ऋण टोक एका जाड पट्टीने पत्र्याला जोडलेले असते, दिव्याचा होल्डर पत्र्याला कसलेला असतो, आणि धन टोकाकडून आलेला प्रवाह तार, स्विच, फ्यूज आणि दिव्याचा तंतू असा प्रवास करून पत्र्यावाटे स्वगृही जातो. या व्यवस्थेने शेकडो हात तांबे वाचते. परंतु तिचा एक दुष्परिणाम असा की गाडीतील प्रत्येक खिळा, प्रत्येक बिजागरी, प्रत्येक धारदार कड ही बॅटरीचे दुसरे टोकच होऊन बसते. आणि जिवंत तारेचे आवरण नखाएवढ्या जागी जरी सोलले गेले आणि ती जागा पत्र्याला टेकली, तरी प्रवाहाला दिव्याच्या तंतूतून जाण्याचे कष्ट घेण्याचे कारण उरत नाही.

असे झाले म्हणजे काय घडते ते आकड्यांत पाहणे इष्ट आहे, कारण शॉर्टचे भय आकड्यांवाचून नीट कळत नाही. पुढच्या मोठ्या दिव्याचा 45 वॅटचा तंतू 12 व्होल्टवर पावणेचार अँपिअर प्रवाह घेतो; म्हणजे पेटलेल्या स्थितीत त्याचा रोध 3.2 ओहम असतो. आता दिव्यापर्यंत जाणारी तार 3 मीटर लांब आणि 1 चौरस मिलिमीटर छेदाची आहे असे धरले तर तिचा स्वतःचा रोध जेमतेम 0.05 ओहम भरतो. तीच तार दिव्याच्या अलीकडे पत्र्याला टेकली, की गेओर्ग ओमने 1827 मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे, बॅटरीचा अंतर्गत रोध हिशेबात धरूनही, तिच्यातून 150 अँपिअरहून अधिक प्रवाह धावू पाहतो. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्या एका बारीक तारेत हजार वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. तारेवरचे प्लास्टिकचे आवरण सत्तर-ऐंशी अंशांपलीकडे मऊ पडू लागते. तेव्हा काही सेकंदांतच ते वितळते, शेजारच्या निर्दोष तारांना आपल्याबरोबर जाळते, आणि डॅशबोर्डाखालून तो ओळखीचा तिखट धूर बाहेर पडतो.

हा अनर्थ टाळण्यासाठीच फ्यूजची योजना आहे. पद्मिनीच्या घराण्यातील गाड्यांत चिनी मातीच्या दंडगोल तुकड्यावर धातूची पातळ पट्टी बसवलेले फ्यूज असतात, आणि त्यांची क्षमता रंगावरून ओळखायची असते: पिवळा 5 अँपिअरचा, पांढरा 8 चा, तांबडा 16 चा आणि निळा 25 चा. ज्या शाखेची तार जितका प्रवाह न तापता वाहून नेईल त्या मानाने तिचा फ्यूज नेमलेला असतो; म्हणजे फ्यूज रक्षण करतो ते तारेचे. दिव्याशी त्याला कर्तव्य नाही. ही गोष्ट ज्याच्या मनात ठसली नाही तो मनुष्य पांढरा फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी तांबडा बसवतो, तोही उडाला तर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळतो, आणि मग फ्यूजच्या वाट्याचे जळणे साऱ्या जुडग्याच्या वाट्याला येते. या कृत्याला मी अडाणीपणा म्हणून सोडून देणार नाही. ज्या गाडीत आपली मुलेबाळे बसणार आहेत त्या गाडीतला एकमेव पहारेकरी बडतर्फ करण्याचा तो प्रकार आहे, आणि उडालेला फ्यूज हा या प्रकरणातला पहिला विश्वसनीय साक्षीदार असल्यामुळे त्याचे तोंड बंद केल्याने तपासही तेथेच खुंटतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जुन्या गाड्यांत सर्वच तारा फ्यूजच्या हद्दीत येत नाहीत. बॅटरीपासून सेल्फकडे जाणारी जाड केबल, डायनामोचा अथवा अल्टरनेटरचा मार्ग, आणि पुष्कळ गाड्यांत इग्निशनची तार ही फ्यूजवाचूनच असते. जुन्या विलायती रचनेच्या गाड्यांत तर दोनच फ्यूजवर कारभार चाले आणि मोठे दिवेसुद्धा त्यांच्या कक्षेबाहेर राहत. म्हणून फ्यूज शाबूत असूनही धूर दिसला तर कारण शोधत बसू नये. इंजिन बंद करून प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. ऋणच प्रथम का, असा प्रश्न पुष्कळ लोक विचारतात. धन टोकाची बोल्ट सैल करताना पाना चुकून बोनेटच्या पत्र्याला लागला, तर त्या पान्यातूनच शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो. ऋण टोक आधीच सुटलेले असेल तर मात्र सर्किट अपुरे राहते आणि पाना कोठेही लागला तरी ठिणगी पडत नाही. जोडताना याच कारणासाठी क्रम उलटा, म्हणजे ऋण टोक सर्वांत शेवटी.

तपासाला लागण्यापूर्वी तक्रारीचे स्वरूप नीट ध्यानी घ्यावे, कारण 'शॉर्ट' या एकाच सदराखाली लोक निरनिराळे दोष नोंदवतात आणि प्रत्येकाची चौकशी वेगळी असते. स्विच दाबताच नवा फ्यूज तत्काळ उडत असेल तर जिवंत तार पत्र्याला टेकली आहे हे निश्चित. फ्यूज शाबूत आहे, दिव्यात काही दोष नाही, पण तो लागत मात्र नाही, तर तार कोठे तरी तुटली आहे. इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिणमिणतो, मोठे दिवे लावले की इंडिकेटरची लय बदलते, असे चमत्कारिक प्रकार दिसले तर दहांपैकी नऊ वेळा होल्डर आणि पत्रा यांमधला सांधा गंजून अर्थ (पत्र्याशी असलेली जोडणी) तुटलेला असतो, आणि परतीची वाट बंद झालेला प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तंतूतून उलटा मार्ग काढीत असतो. हा दोष खाडीकाठच्या गाड्यांत सर्वांत अधिक आढळतो. तो सँडपेपरने दोन मिनिटांत बरा होतो, पण त्याचेच नाव शॉर्ट समजून अख्खे जुडगे बदलल्याची उदाहरणे थोडी नाहीत. उरला चौथा प्रकार, ज्यात फ्यूजही उडत नाही आणि दिवेही ठीक लागतात, मात्र दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते; ही प्रवाहाची मंद गळती होय. पेणच्या खारभूमीत ज्यांची शेते आहेत त्यांना हा प्रकार समजावून द्यावा लागत नाही: बांधाला खांड पडून उधाणाचे पाणी शेतात लोटले की गाव धावून येतो, पण त्याच बांधात खेकड्याने पाडलेल्या बिळातून भरतीगणिक ओंजळभर खारे पाणी आत येत राहिले तर ते पीक पिवळे पडेपर्यंत कोणाच्या ध्यानी येत नाही.

आता पहिल्या, म्हणजे फ्यूज उडवणाऱ्या शॉर्टचा तपास पाहू. समजा, एका पद्मिनीच्या मागच्या तांबड्या दिव्यांचा, नंबरप्लेटच्या दिव्याचा आणि मीटरमधल्या दिव्यांचा मिळून एक फ्यूज आहे (ही वाटणी गाडीगणिक भिन्न असते, म्हणून आपल्या गाडीचा नकाशा मिळवणे उत्तम) आणि दिव्यांचा स्विच ओढताच तो उडतो. नवे नवे फ्यूज बसवून ते उडवीत बसणे हा तपास नव्हे. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांच्या जागी 21 वॅटचा दिवा तारांनी जोडावा आणि मग स्विच ओढावा. शॉर्ट कायम असेल तर बॅटरीचा सारा दाब या एकट्या दिव्यावर पडेल आणि तो पूर्ण तेजाने पेटेल. परंतु दिव्याचा स्वतःचा रोध मार्गात असल्यामुळे प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर कदापि जाणार नाही, आणि दोषी तार दिवसभर तशीच टेकून राहिली तरी तापणार नाही. एवढ्या एका युक्तीने दोष जिवंत ठेवून त्याची शांतपणे चौकशी करता येते. वायरमनच्या पेटीतल्या सर्व हत्यारांत मला या साध्या दिव्याइतके आदरणीय दुसरे काही वाटत नाही.

यानंतर त्या शाखेवरचे सारे बल्ब काढून घ्यावेत. याचे कारण असे की निर्दोष बल्बसुद्धा अखेर पत्र्याकडे जाणारी वाटच असते. ते जागेवर असताना तपासाचा दिवा मंद का होईना पेटत राहील आणि मंद कोणता, पूर्ण कोणता याचा संभ्रम होईल. बल्ब काढल्यावर मात्र उत्तर होय किंवा नाही एवढेच उरते: पेटला तर दोष आहे, विझला तर नाही. बल्ब काढत असतानाच दिवा एकदम विझला, तर दोष त्या बल्बच्या होल्डरात होता हे आयतेच कळते. मागच्या दिव्यांच्या होल्डरात पावसाचे पाणी साठून आतली स्प्रिंग गंजते आणि तिरकी होऊन कडेला टेकते, हे इकडे वारंवार घडते.

दिवा पेटलेलाच राहिला तर मार्ग दुभागावा. पुढून टोकापर्यंत तार चाचपीत जाणे हा मोहाचा पण वेळखाऊ मार्ग आहे. त्यापेक्षा मधला एखादा जोड, बहुधा मागच्या आसनाखाली अथवा डिकीच्या तोंडाशी असतो तो, सोडवावा आणि तपासाच्या दिव्याकडे पाहावे. विझला तर दोष जोडाच्या मागे, पेटत राहिला तर पुढे. मग उरलेला अर्धा पुन्हा दुभागावा. या रीतीने सोळा शक्य जागांपैकी एक खरी जागा चार प्रश्नांत निश्चित होते. आपल्या उदाहरणातल्या गाडीत समजा मागची शाखा सोडवताच दिवा विझला. ती पुन्हा जोडून केवळ डिकीच्या झाकणावर चढणारी तार सोडवली तेव्हाही विझला. तर आता सारे प्रकरण त्या हातभर तारेवर येऊन ठेपले. ती पुन्हा जोडून झाकण सावकाश उघडावे आणि मिटावे. झाकणाच्या एका ठरावीक कोनात दिवा लुकलुकला, की बिजागरीपाशी बोट ठेवता येते. आणि तेथे पाहू गेल्यास तार जेथे पत्र्यातल्या भोकातून जाते तेथले रबरी कडे वाळून कधीच गळून पडलेले, आणि पत्र्याच्या धारेने आवरण कापून तांबे उघडे झालेले दिसते.

अशी भोके, अशी वळणे आणि अशी हालती अंगे हीच शॉर्टची नेहमीची ठिकाणे होत, आणि दुभागणी करतानाही त्यांच्यावर आधी नजर ठेवावी. इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पडद्यातून जुडगे जाते ते भोक, दरवाजाच्या बिजागरीजवळचे वळण, पुढच्या मडगार्डाखालून दिव्याकडे जाणारी व चाकाने उडवलेल्या चिखलाचा मारा सोसणारी तार, सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेलेली तार. आणि या साऱ्यांच्या आधी मागाहून बसवलेल्या वस्तू, म्हणजे टेपरेकॉर्डर, धुक्याचे दिवे, उलट्या चालीचा भोंगा. ज्या तारेवर कारखान्यानंतर कोणाचा हात पडला ती तार प्रथम संशयित समजावी. भाताची कणगी अथवा पोह्यांची गिरणी जवळ असेल तर उंदरांचाही विचार करावा लागतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असल्यामुळे त्याला काहीतरी कुरतडल्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्याने सोललेल्या दोन जिवंत तारा एकमेकींना टेकल्या तर फ्यूज उडत नाही, परंतु ब्रेक दाबला असता भलताच दिवा लागू लागतो.

तारांचे रंगही उपयोगी पडतात, मात्र ते कारखान्याचे असावे लागतात. ब्रिटिश परंपरेच्या गाड्यांत बॅटरीपासून थेट येणारी तार तपकिरी, किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी पांढरी, तीच फ्यूजमधून पुढे गेली की हिरवी, लहान दिव्यांची तांबडी, मोठ्या दिव्यांची निळी आणि अर्थची काळी असा शिरस्ता आहे. तपकिरी तारेला किल्ली बंद असतानाही प्रवाह असतो, म्हणून तिच्याशी विशेष जपून वागावे.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे ते तपासाच्या दिव्याऐवजी रोध मोजू पाहतात, आणि तेथे एक मोठा चकवा आहे. दिव्याचा टंगस्टनचा तंतू थंड असताना त्याचा रोध पेटलेल्या अवस्थेच्या सुमारे दहावा हिस्साच असतो. वर सांगितलेला 45 वॅटचा तंतू पेटल्यावर 3.2 ओहमचा, पण थंडपणी मीटर त्याचा रोध अर्ध्या ओहमहूनही कमी दाखवते, आणि नवशिक्याला वाटते की शॉर्ट सापडला. निर्दोष तार त्यापायी कापली जाते. म्हणून रोध मोजायचा झाल्यास बॅटरी सोडवून, सारे बल्ब व मोटारी वेगळ्या करून मगच मोजावा.

हॉर्नची कैफियत या सर्वांहून निराळी आहे, आणि ती ठाऊक नसलेला मनुष्य व्यर्थ फ्यूज तपासत राहतो. बहुतेक गाड्यांत हॉर्नला किंवा त्याच्या रिलेला प्रवाह सदैव हजर असतो आणि चाकावरचे बटण फक्त त्याची परतीची तार पत्र्याला टेकवते. ती तार स्टीअरिंगच्या नळीतून जाते. तिचे आवरण घासले की बटण न दाबताच सर्किट पुरे होते. भररात्री अंगणातली गाडी अखंड ओरडू लागते, आणि फ्यूजच्या दृष्टीने मात्र काहीच विपरीत घडलेले नसते. येथे हॉर्नची तार काढून गाव शांत करावा, आणि नंतर नळीतल्या तारेकडे वळावे.

जो दोष फक्त पावसात प्रकटतो तो सर्वांत चिवट. शुद्ध मीठसुद्धा हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून ओले होते, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ती त्याहून अधिक असणे हाच नियम आहे; म्हणून खाडीच्या वाऱ्याने उन्हाळाभर होल्डरांवर, जोडांवर आणि बॅटरीच्या डोक्यावर बसवलेला क्षारांचा अदृश्य थर जूनच्या पहिल्या सरींत, पाण्याचा प्रत्यक्ष थेंब न पडताही, वाहक बनतो. कोरड्या दुपारी गाडी वायरमनकडे नेली तर दोष हजर नसतो. अशा वेळी बागेत वापरतात तसल्या फवाऱ्याने एकेका जोडावर, एकेका होल्डरावर थोडे पाणी मारावे आणि दर फवाऱ्यानंतर तपासाच्या दिव्याकडे पाहावे. बॅटरीच्या डोक्यावरचा थर तपासायचा तर व्होल्टमीटरचे एक टोक ऋण टोकाला लावून दुसरे नुसतेच बॅटरीच्या प्लास्टिकवर फिरवावे. तेथे एखादा व्होल्ट जरी दिसला तरी प्रवाह त्या घाणीतून रात्रंदिवस झिरपतो आहे. झाकणे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती पुसून काढली की हा दोष सरतो.

बॅटरी उतरण्याच्या तक्रारीत अँमीटर बॅटरीचे ऋण टोक आणि तिची पट्टी यांच्या मध्ये जोडून, सर्व स्विच बंद असताना आकडा पाहावा. मात्र अँमीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, नाहीतर मीटरच जळेल. घड्याळ अथवा रेडिओ नसलेल्या पद्मिनीत हा आकडा शून्य असला पाहिजे. घड्याळ व स्टीरिओ असलेल्या गाडीत 50 मिलिअँपिअरपर्यंत क्षम्य, कारण तेवढ्याने दिवसाला सव्वा अँपिअर-तासच खर्च होतो. पण डिकीतला 5 वॅटचा दिवा झाकण मिटल्यावरही विझत नसेल तर तोच खर्च दिवसाला दहा अँपिअर-तासांवर जातो, आणि 35 अँपिअर-तासांची बॅटरी तिसऱ्या-चौथ्या सकाळी सेल्फ फिरवीत नाही. अधिक आकडा दिसल्यास एकेक फ्यूज काढीत जावे. ज्याने तो शून्यावर आला त्या शाखेत गळती. एकाही फ्यूजने फरक पडला नाही, तर डायनामोच्या कटआउटचे पॉइंट चिकटले आहेत अथवा अल्टरनेटरचा डायोड बिघडला आहे असे समजून ती जाड तार सोडवून पाहावी.

दोष सापडल्यावरचे काम थोडे, पण ते कसोशीने व्हावे. उघड्या तारेवर नुसती टेप गुंडाळणे हे पाप खाडीकाठी तरी कोणी करू नये, कारण खारे पाणी एकदा आवरणाखाली शिरले की केशिकाकर्षणाने तांब्याच्या बारीक केसांमधून दूरवर चढते आणि बाहेरून धड दिसणारी तार आतून हिरवी-काळी पडलेली असते. लखलखीत तांबे लागेपर्यंत ती मागे कापावी, त्याच छेदाचा नवा तुकडा डाखाने अथवा थिंबल दाबून जोडावा, जोडावर स्लीव्ह चढवावी, आणि तो जोड बिजागरीच्या वळणावर न येता तिच्यापासून वीतभर दूर स्थिर जागी येईल अशी लांबी धरावी. भोकात नवे रबरी कडे बसवल्यावाचून तार त्यातून ओवू नये. होल्डर घासून त्याला पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा.

हे सारे केवळ हौशी मालकासाठी लिहिलेले नाही. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती भरलेले टेम्पो श्रावणातल्या रात्री धो धो पावसात महामार्गाने निघतात, रोह्याहून धाटावच्या वसाहतीत रात्रपाळीचे कामगार घेऊन गाड्या धावतात, आणि त्यांच्यापैकी ज्याचा मागचा तांबडा दिवा एका कुजलेल्या जोडापायी मालवलेला असतो तो मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. मागच्या दिव्यांची शाखा म्हणूनच मी उदाहरणासाठी निवडली. चालकाला स्वतःच्या आसनावरून न दिसणारा दोष तोच आहे.

दुरुस्ती संपल्यावर बल्ब परत बसवण्यापूर्वी तपासाचा दिवा पुन्हा एकदा फ्यूजच्या जागी लावावा, स्विच ओढावा, एकाने दिव्याकडे पाहत बसावे आणि दुसऱ्याने डिकी, दरवाजे, स्टीअरिंग आणि जुडग्याचे प्रत्येक वळण हलवून पाहावे. गाडीचे मागचे अंग दाबून स्प्रिंगांवर नाचवावे, कारण भार पडल्यावरच टेकणाऱ्या तारा असतात. दिवा एकदाही लुकलुकला नाही, तर बॅटरीचे ऋण टोक सोडवून बल्ब जागेवर लावावेत, आणि मूळचा 8 अँपिअरचा पांढरा फ्यूज बसवून ऋण टोक शेवटी कसावे.